रुक्मिणीचं दुसरं डोकं

घाटकोपर
ता. ८ जुलै २०२५

चि. धोंडिराम यास तुझ्या भावोजींचा आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. पावसाने जिन्याला ओल आली, माझे गुडघे धरलेत. तुमची लावणी कुठवर आली? फोन केला असता, पण एका खोलीत तुझी ताई सगळं ऐकते. शेजारची मनाली उद्या गावी निघतेय, तिच्याकडे ही चिठ्ठी देतो.

रुक्मिणीताईचं डोकं दुखतं एवढंच तुला सांगितलं होतं. आत गाठ आहे रे. बोलण्याच्या जागेला लागूनच. हल्ली ताटाला 'ते गोल' म्हणते. तू लावणी टाकून येशील म्हणून कळवू नका, असा तिचा हुकूम.

शनिवारी डॉक्टर पद्मजाबाईंनी बोलावलं. बघतो तर टेबलावर ताईचं डोकं! तिच्या स्कॅनवरून मशीनने छापलेलं, प्लास्टिकचं, ऑपरेशनची आधी तालीम करायला. कवटीचा तुकडा काढला की आत मऊ मेंदू, पिवळी गाठ, तांबड्या शिरा. बाई शिकाऊ डॉक्टरांना सांगत होत्या, "काल मी इथून गेले आणि ही शीर कापली गेली. म्हणून आता वरून जायचं."

मी उठलोच. "तुम्हीच चुकता, तर मी संमतीची सही कशी करू?"

ताई म्हणाली, "अहो, बसा खाली. ह्याच्यात चुकल्या ना? माझ्यात तर नाही." मग पर्समधली टिकली काढून त्या डोक्याला लावली. "माझंच ना हे? मग कपाळ मोकळं कशाला?" पोरं हसली. एकीने विचारलं, "आजी, नंतर हे आम्हाला शिकायला ठेवू?"

"ठेवा की. पण ती... ती..." शब्द सापडेना. टिकलीवर बोट ठेवून म्हणाली, "ही काढू नका."

तसंच आणखी एक डोकं होतं. बाईंनी त्यावर नवी वाट मला सावकाश करून दाखवली. शीर शाबूत, गाठ बाहेर. तरी मी सही केली नाही. तिने स्वतःची कधीच केली होती.

काल चहा घेताना ती मला हाक मारायला गेली, आणि 'अहो' आलंच नाही. तसाच हॉस्पिटलात गेलो आणि सही केली.

ऑपरेशन येत्या सोमवारी सकाळी. बोलणं सुधारेल अशी बाईंना आशा आहे, आणि ते डोकं बघितल्यापासून मलाही आहे. पण ऑपरेशनच्या दाराबाहेर मला एकट्याला बसवणार नाही, धोंडू. तू ये. ताई रागावेल, तुला शिव्या घालेल. घालू दे. ऑपरेशननंतरही मला त्या ऐकायच्या आहेत.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
खंडू भावोजी