सुईचा दिवस आमच्याच ओसरीवर ठेवण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, चिंचखोरी,
ता. मंगरूळपीर, जि. वाशीम

अर्जदार : देवमन नामदेव इंगोले, टेकडी वस्ती, चिंचखोरी

विषय : लशीचा फ्रिज माझ्या घरून न हलवणे व आपण स्वतः एकदा ओसरीवर येऊन बसणे.
संदर्भ : फ्रिज देणाऱ्या कंपनीचे नरेंद्र साहेब यांनी सोमवारी दिलेली तोंडी सूचना.

डॉक्टर साहेब,

८ जानेवारीला लसीकरणाचा बुधवार होता. बायका लेकरं घेऊन आमच्या ओसरीवर बसल्या होत्या आणि दार उघडत नव्हतं. शेवटी राखी सिस्टरनी दार तोडायला लावलं. माझी पत्नी प्रयागबाई रात्रीच गेली होती. मी सांगलीकडे ऊसतोडीवर होतो. सिस्टरच्या फोनवरून मला कळलं. फ्रिजजवळ कोणीतरी पाहिजे म्हणून ती यंदा माझ्यासोबत आली नव्हती.

कंपनीचा सौर फ्रिज, सरकारची लस आणि आमची जागा, असं ठरलं होतं. वस्तीवर दुसरं पक्कं घर नाही. सुई झाली की प्रयागबाई कोणाला लगेच उठू देत नसे. "बसा वं मुकाट. अर्ध्या घंट्यात नवरा उपाशी नाही मरत," म्हणायची.

ती गेल्यापासून एकही बाई ओसरी चढली नाही. तेरवीनंतर येतील असं वाटलं. मग पाडव्यानंतर. मी भिंतींना चुना मारला, ओसरी सारवली. बुधवारी सिस्टर आणि मी दोघंच बसतो. शेजारच्या उज्ज्वलाला विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी, राग नोका धरू. त्या घरात माणूस गेलं, तान्हं लेकरू घेऊन कशी येऊ? माह्या जीवाले भेव वाटते." रागावू कोणावर? प्रयागबाई असती तर तीही हेच म्हणाली असती.

नरेंद्र साहेब म्हणतात, फ्रिज वापरात नाही, करारावर नाव मयताचं आहे, दुसऱ्या गावी नेतो. आपल्या केंद्रात विचारलं तर उत्तर मिळालं, फ्रिज कंपनीचा आहे. तो गेला तर पावसाळ्यात नाला भरल्यावर वस्तीवर लस राहणार नाही.

तरी विनंती की करार माझ्या नावे करावा. आणि येत्या बुधवारी आपण यावं. घरी लहान लेकरू असेल तर सोबत आणावं. माझ्या हातचा चहा घ्यावा, जेवूनच जावं. आपल्याला इथं बसलेलं बायकांनी पाहिलं म्हणजे त्या येतील. नाहीच आल्या, तरी आपण थोडा वेळ बसावं.

उज्ज्वलाच्या मुलीला गोवराची सुई अजून दिलेली नाही.

आपली वाट पाहणारा,
(सही)
देवमन नामदेव इंगोले
दि. ११ एप्रिल २०२५