बाकाखालची सैल क्लिप

धाकटे,

आशीर्वाद. आम्ही दोघं धड आहोत, गाडी नव्हती. जुन्या कॅम्पर गाडीतून इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळत होतं, म्हणून तुमच्याकडे येताना चार दिवस वाटेत इथेच अडकलो.

मेकॅनिक म्हणाला, पंप गेला. मला पटेना. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं, तर हिरवे थेंब मागे, झोपायच्या बाकाखाली. तिथल्या हीटरच्या नळीची क्लिप सैल, तिच्या स्क्रूवर ताजा ओरखडा. स्क्रूड्रायव्हर सापडला यांच्या उशीखाली!

“सैल झाली असेल आपोआप,” हे म्हणाले, माझ्याकडे न बघता.

यांना हृदयाच्या तपासणीची एवढी धास्ती! क्लिप मी घट्ट आवळलीय, गाडीची किल्ली माझ्याजवळ आहे.

आईचा गुडघा कसा आहे?

तू घेतलेली डॉक्टरांची मंगळवारची वेळ कायम ठेव. तुझ्या भाऊजींनी फोनवर कितीही गोड बोलून सांगितलं, तरी बदलू नकोस.

तुझी,
ताई