जिभेखालची गोळी

६ नोव्हेंबर २००६

आजही सुनीती झोपली नाही! डोळे लाल, चहात साखरेऐवजी मीठ. विचारलं तर म्हणे, "झोपले होते की थोडी." साफ खोटं. मी केव्हाही कूस बदलली की तिचे डोळे उघडेच.

इंद्रजित गेल्यापासून हे चाललंय. दसऱ्याआधी राळेगावच्या शेतात, बोंडं फुटत असताना, फवारणीचं औषध — पुढचं लिहवत नाही. धाकटा भाऊ माझा गेला आणि झोप बायकोची उडाली. मी मात्र दिवसभर पडून असतो. कॉलेजात जावंसं वाटत नाही. काहीच करावंसं वाटत नाही.

८ नोव्हेंबर

इंद्रजितचं सामान मी आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवलंय. पंप, उरलेले औषधाचे डबे. तिथे जाऊन बसायचो. आज बघतो तर कुलूप! "उंदीर झालेत," म्हणाली. बरं. उंदरांचं नाव काढल्यावर मी काय बोलणार! माझी पीएचडी त्यांच्यावरच.

९ नोव्हेंबर

उंदराला पेंग आली की मऊ ब्रशनं हळूच डिवचायचं, झोपू द्यायचं नाही — हेच करायचो आम्ही. जागरण लांबलं की मेंदूच्या पुढच्या भागात, तळाशी, नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. इवलासा वायू, पण झोपेला तोच बोलावतो. औषधानं तो अडवला तर थकलेला उंदीरही नंतर नीट झोपत नाही. टुकुटुकु बघत बसतो.

सुनीती तशीच बघते. हिच्या मेंदूत तो तयारच होत नसणार! दुसरं काय?

१० नोव्हेंबर

तिच्यासमोर बोलून गेलो — इंद्रजितनं केलं तेच बरं, सुटला. ती भाजी चिरत राहिली.

१२ नोव्हेंबर, दुपार

सापडलं! आई राहायला आली तेव्हा तिची गोळ्यांची डबी इथंच विसरली. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी. शरीरात तिच्यातून नायट्रिक ऑक्साइडच तर निघतं! डबी समोर, आणि मी डोकं खाजवत बसलेलो.

एक सुनीतीला दिली. "झोपेची आहे," म्हणालो. मुकाट्यानं जिभेखाली धरली.

१२, संध्याकाळ

पडली. ओट्याशीच. रक्तदाब एकदम खाली, कपाळ फुटलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई ओरडल्या, "प्राध्यापक ना तुम्ही? यानं रक्तवाहिन्या सैल पडतात, माहीत नाही?"

माहीत होतं! वर्गात शिकवतो मी हे. मेंदूतला एक कोपरा कुठे आणि सगळ्या अंगभर पसरणारी गोळी कुठे! आग लागो माझ्या शिक्षणाला. एक गेला, आता हिलाही मीच घालवणार होतो. मी कुणाच्याच कामाचा नाही.

१३ नोव्हेंबर

शुद्धीवर आहे. टाके पडले, सलाइन चालू. तरी डोळा मिटत नाही, माझ्याकडेच बघते. मी पाणी आणायला उठलो तर सुईचा हात ओढून माझी बाही धरली.

दुपारी राळेगावहून आई आली. मला म्हणाली, "काहून रे मंदार, काय करून बसला हे?" सुनीतीनं तिला जवळ बोलावलं, माझ्याकडे बोट दाखवलं. "आई, तुम्ही यायच्यापाशी बसा. एकटं कुठी जाऊ देऊ नका. मले आता झोप येऊन राह्यली."

आणि झोपली! वाक्य पुरतं संपायच्या आत.

१४ नोव्हेंबर

अजून झोपलीय. घोरतेय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधी झोप आहे, घाबरू नका. सिस्टरनं तिचं मंगळसूत्र माझ्याकडे दिलं. त्यात मागच्या खोलीची किल्ली ओवलेली.

त्या खोलीत उंदीर नाहीत. कधीच नव्हते.

आई माझा डावा हात धरून बसलीय. मी सोडवून घेत नाही.