कंपनी आपल्याकडे येणार नाही

डब्लिन, ९ एप्रिल १९८७

प्रिय बाबांस, एथनाकडून.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की अमेरिकन संगणक कंपनी आपल्या गावात येणार हे नक्की झालं. ते चूक होतं. पाहुणे आईचा गरम पाव खाऊन म्हणाले, "इथेच राहावंसं वाटतं," आणि मी तो होकारच धरला.

परदेशी कंपन्या आणण्याच्या आमच्या खात्याचे साहेब, गेराटी, काल हसले. "अगं पोरी, ते प्रत्येक देशात हेच म्हणतात! कारखाना स्कॉटलंडला चाललाय."

बंद पडलेला बुटांचा कारखाना त्यांना दिसू नये म्हणून गाडी तळ्याकडून मीच वळवली होती. तेही तुम्हाला लिहिलं नव्हतं.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

आपला फर्गल गावातच नोकरी मिळेल या माझ्या शब्दावर थांबलाय आणि त्याचा अमेरिकेचा व्हिसा तीस तारखेला संपतो. मुलगा घरी राहावा असं तुम्हाला किती वाटतं, ते मला ठाऊक आहे. मलाही वाटतं. तरी हे पत्र त्याला वाचून दाखवा.

नाही दाखवलंत तर मी रागावणार नाही. पण ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी अठरा तारखेला, सकाळच्या बसने येऊन मीच त्याला सांगेन.

तुमचीच,
एथना