पाखडाला मारलेलं औषध

करी रोड, रविवार

धोंडू,

तुला आशीर्वाद आहेतच, पण आज राग त्याहून जास्त आहे. फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते.

भातातलं तण गुरांना चारा म्हणून चालेल का, हे आमची नात श्रेया तपासते. तिच्यासाठी तू तुझ्या शेतातलं पोतंभर पाखड, म्हणजे तेच तण, पाठवलंस. तिने विचारलं होतं, "आजोबा, शेतात काही फवारलं नाही ना?" तू म्हणालास, "विषबिष काही नाही गं." आणि काल माझ्या सुनेला सांगतोस, तण उपटायची बेणणी वाचावी म्हणून औषध मारलं होतं.

अरे शहाण्या, गवत मरतं ते औषध कसलं? दुकानदार औषध म्हणाला म्हणून ते खोकल्याचं झालं काय? गुडघ्यामुळे वाकवत नव्हतं, तर तसं सांगायचं.

पोरीने पोतं टाकून दिलं. रडली नाही, पण जेवलीही नाही. तिचं ती बघेल.

तेच गवत तू कपिलेला घालतोस ना? सात महिन्यांची गाभण आहे ती. ते गवत आजच गोठ्यातून काढ, गुरांच्या डॉक्टरला बोलाव आणि बाटलीवर काय लिहिलंय ते त्याला सांग. गाईला वाचता येत नाही, तुला येतं.

तुझी आक्का