अन् लादा

दि. १४ ऑक्टोबर

चिरंजीव धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं पार्सल काल पोचलं. आत लोकरीचा गुंडा, चष्म्याचं घर आणि जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश. तुला टपालाला बत्तीस रुपये पडलेले दिसले. चालायला अजून काठी लागते, तरी पोस्टापर्यंत गेलास! कोशावर लिहिलंयस, "आमच्या मॅट्रिक ताईला." ह्यांचा खोकला आता कमी आहे. बाकी सगळं ठीक.

ठीक म्हणजे काय. कोश हाती आल्याबरोबर मी एकच शब्द काढला. तुझ्या टेम्पोच्या दारावरचा.

अनलेडन वेट, सोळाशे किलो. मी तेव्हा माहेरी आले होते; नोकरीच्या पहिल्याच दिवशी तू ओट्यापाशी येऊन विचारलंस, "ताई, ह्याचा अर्थ काय गं?" मला ठाऊक नव्हतं. पण तसं म्हणायला जीभ वळली नाही. हसून म्हटलं, "अरे, हे तर मराठीच! अन् लादा. सोळाशे किलोपर्यंत खुशाल लादा." तूही हसलास. "घरात मॅट्रिक असताना मालकाला कशाला विचारू?"

कोशात आहे: न लादलेला, रिकामा. ते रिकाम्या गाडीचं वजन होतं, बाळा.

चौथ्या दिवशी तू पुरती सोळाशे किलो पोती लादलीस, चाकांचा एक्सल मोडला, पोती तुझ्या पायावर आली. मालकाने हावरा म्हणून काढून टाकलं, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. आणि मला त्याच आठवड्यात शंका आली होती. शेजारच्या मास्तरांना विचारायला दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. देवाजवळ रोज तुझा पाय मागितला. पण का मागते, ते देवालाही सांगितलं नाही.

त्याच्या मूळ शब्दाचा, 'लेड'चा, आणखी एक अर्थ दिलाय. पळीने, भांड्याने पाणी उपसणे. लादणं आणि उपसणं एकाच शब्दात! माझं लादून झालं. आता उपसायला बसलेय.

सोबत मालकांच्या नावे पत्र आहे, माझ्या सहीचं. त्यात सगळं आहे. वाच, पण एक अक्षर खोडू नकोस. ते तुला परत कामावर घेतील का, ठाऊक नाही. बघ, आता म्हणता येतं.

पत्र त्यांच्या हातात दिलंस का, ते उलट टपाली कळव. आणि कोश पाठवताना तुला हे कळलेलं होतं का, तेही.

तुझी ताई.
नुसतीच ताई.