काशीबाईंच्या रानातली येळवस

८ जाने. ९४
निघताना आई म्हणाली होती, लातूर म्हणजे काही परदेश नव्हे. वसईत बसून म्हणायला तिचं काय जातं. मंगळवारी मिशनचा दवाखाना उघडा ठेवणार म्हटल्यावर जीपवाला रहीमभाई हसला. "कोन येनार सिस्टर? येळवस हाय. समदं गाव रानात." येळवस म्हणजे म्हणे वेळ अमावास्या, रानात पूजा आणि रानातच जेवण; लातूरचे शिकवणीवर्गसुद्धा बंद. तो स्वतः दरवर्षी तीन-तीन रानांत जेवतो.

९ जाने.
काशीबाई पायाची पट्टी बदलायला आल्या. सप्टेंबरच्या भूकंपात नवरा, दोन्ही मुलगे गेले. पत्र्याच्या शेडमध्ये एकट्या राहतात. तेव्हापासून दगडाला हात लावत नाहीत. चूलसुद्धा विटांची.
आज म्हणाल्या, "शिष्टर, रानाभवती आंबील शिपडत म्होरं म्या जाईन. मागं पान्याची घागर घेऊन कुनीतरी लागतंय. समदे आपापल्या रानात. तुमी याल?" आणि वर, "वरडत जावं लागतंय बगा. मुक्यानं फेरी न्हाई करत."
बघते म्हटलं.

१० जाने.
नांदेडच्या मठात मदरना फोन. लाइन खराब. माझी कायमची व्रतं ईस्टरनंतर. होकार द्यायचा की नाही ते त्यांच्या हातात. म्हणाल्या, "जा. जेव. पूजेत भाग घेऊ नको." घागर धरणं पूजेत येतं का, हे विचारायच्या आत फोन तुटला. किंवा मी ठेवला.

११ जाने.
गाव ओस. कुत्रीसुद्धा रानात गेलेली.
काशीबाईंनी कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, एकटीनं उभी केली होती. आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड. कुठून आणले, विचारलं. "घराचेच हायेत. भिताडाचे." दगड सरळ करत म्हणाल्या, "आता बसा म्हनलं हितं, राकन करा."
घागर घेतली. त्या पुढे, ज्वारीवर आंबील शिंपडत, "ओलगे, ओलगे" ओरडत. मी मागे, तोंड मिटून. मदरचा शब्द पाळत.
तिसऱ्या बांधाला त्यांचा आवाज गेला. तोंड उघडलं, काही निघेना. तशाच उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. फेरी अर्धी राहिलेली.
मी ओरडले. चर्चच्या गायनात मला मागच्या रांगेत उभं करतात, त्याचं कारण साऱ्या शिवाराला कळलं असेल. शेजारच्या रानातून कुणीतरी उलट साद दिली. काशीबाई चालू लागल्या. मग उरलेली फेरी मीच ओरडले. रडू येत होतं. डोक्यावर घागर, डोळे पुसायची सोय नाही.
सगळ्या भाज्या-शेंगांची एकत्र भज्जी तीनदा घेतली. खीर, बाजरीचे उंडे वेगळे.

१२ जाने.
पहाटे प्रार्थनेला बसले. पश्चात्ताप होतोय का, शोधून पाहिलं. सापडला नाही. त्याचीच भीती वाटते. ही व्रतं मला हवी आहेत. शाळेत होते तेव्हापासून दुसरं काही हवंसं वाटलेलं नाही.
मदर उद्या येणार, असा निरोप.

१३ जाने.
मदर आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच, "पूजेत भाग घेतलास?"
"घागर धरली."
मदरनी मान हलवली. पुढचं सांगायला मी तोंड उघडलं, तर दारात काशीबाई, तांब्यात आंबील घेऊन. मदरच्या हातात पेला दिला.
"काय खनखनीत वरडली तुमची पोरगी. आमचा धाकला असाच वरडायचा. पुढल्या येळवशीला बी हिला हितंच ठिवा, माय."
मदर माझ्याकडे बघत राहिल्या. मी फरशीकडे. काशीबाई पेल्याकडे. शेवटी मदर प्यायल्या. आंबट लागली असणार, पण सगळी प्यायल्या.
काशीबाई गेल्यावर मदरनी पेला स्वतः विसळून ठेवला. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाल्या, "ईस्टरला वेळ आहे अजून."
हे कोणत्या अर्थानं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांना सोडून आलेल्या रहीमभाईला विचारलं, तो म्हणाला त्यालाही नाही कळलं.